सीट कुणाच्या मापाची?

मुलीला सायकल दिली की ती मुक्त झाली, असं आता सरकारलाही वाटू लागलं आहे आणि आपल्यालाही. आपल्या पोस्टरवर सायकल असते, सरकारी भिंतीवर सायकल असते, आठ मार्चच्या फेरीत सर्वांत पुढे सायकलवरच्या मुली असतात. दोन वेण्या, पाठीला दप्तर, वाऱ्यावर उडणारी ओढणी. (ओढणी चाकात अडकते, हे चित्र काढणाऱ्याला ठाऊक नसतं.) या सगळ्या चित्रांत एकच वस्तू कधी दिसत नाही. मुलगी जिच्यावर बसलेली आहे ती सीट. मला आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे, आणि ज्यांना हा विषय क्षुल्लक वाटतो त्यांच्याशी थोडं भांडायचंही आहे.

आम्ही एम.एस.डब्ल्यू. करत होतो तेव्हा मुलींच्या शाळागळतीची कारणं आम्हाला तोंडपाठ होती. अंतर, पाळी, शाळेत संडास नसणं, धाकटी भावंडं, लग्न. यादी खरीच आहे. अंतरावरचा उपाय म्हणून सायकल आली आणि तिचा उपयोग झाला, याबद्दल माझा वाद नाही. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्यामुळे माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, असं मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसतं. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी सायकलीची योजना आली. त्याच्याही आधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेने हजारो बायकांना सायकल शिकवली. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्या बायका जेन्ट्स सायकली घेऊन निघाल्या. हे सगळं मला मान्य आहे, मला त्याचा अभिमान आहे. म्हणूनच पुढचा प्रश्न विचारायचा हक्क मी घेते: बायकांना बसवलंत, पण कशावर?

मी ज्या गावांत किशोरी मुलींचे गट चालवते तिथे योजनेची सायकल बऱ्याच घरांत आहे, आणि ती पुष्कळदा वडील नाहीतर भाऊ चालवतात. यामागे घरातली सत्ता आहे हे आपण ओळखतो, त्यावर आपण पुष्कळ लिहिलंही आहे. पण काही घरांत सायकल मुलीकडून कुणी हिसकावलेली नाही. तिनेच ती सोडलेली आहे. का गं, असं विचारलं की उत्तरं ठरलेली: "नको वाटतं." "कंटाळा येतो." "मैत्रिणींबरोबर चालत बरं." तिसऱ्या-चौथ्या बैठकीला, शाळेतल्या बाई बाहेर गेल्यावर आणि दाराला आतून कडी लागल्यावर, एकीने तोंड उघडलं. "खाली सोलतं, ताई. शू करताना आग होते." मग सगळ्याच बोलायला लागल्या. एकीला पाळीच्या दिवसांत कापडाची घडी आणि सीटचं टोक यांच्यामध्ये कातडी कापल्यासारखी होते. एकीला उतरल्यावर बराच वेळ तिथे काही लागतच नाही, बधिर होतं. एक मुलगी उतारावर पायडलवर उभी राहते आणि चढावर उतरून चालते, म्हणजे सीटवर ती जवळपास बसतच नाही. तिला 'सायकलीची सवय नाही' असं घरी म्हणतात.

आईला सांगितलंस का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "काय सांगू? कुठं दुखतं म्हणून सांगू?"

त्या 'कुठं'शी आपण जरा थांबायला हवं. मराठीत त्या जागेला नावं नाहीत असं नाही. आहेत, पण ती सगळी शिव्यांमध्ये राहायला गेली आहेत, आणि उरली ती डॉक्टरांच्या संस्कृतात. मधल्या बाईजवळ फक्त 'खाली' एवढाच शब्द आहे. गुडघा दुखला तर गुडघा म्हणता येतं, 'खाली' दुखलं तर नुसतं गप्प बसता येतं. ज्या दुखण्याचं नाव घेता येत नाही ते दुकानदाराला सांगून सीट बदलून कशी मिळणार?

आता त्या सीटकडे वळू. सायकलीवर माणसाने बसायचं असतं ते ढुंगणातल्या दोन हाडांवर. दगडी पायरीवर बसलं की टोचतात तीच ही हाडं. सगळा भार त्यांनी घ्यावा आणि मधल्या मऊ भागावर, म्हणजे योनीचे ओठ, मूत्रमार्गाचं तोंड, तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या यांच्यावर तो येऊ नये, इतकंच सीटचं काम. बाईच्या कंबरेखालचा सांगाडा पुरुषापेक्षा सरासरीने रुंद असतो, त्यामुळे तिची ही दोन हाडं एकमेकांपासून जास्त लांब असतात. सीट अरुंद असली की ती कडेवरून निसटतात, आणि भार जिथे जाऊ नये तिथे जातो. यात नाजूकपणाचा काही संबंध नाही. कासारसुद्धा बाईचा हात दाबून पाहिल्याशिवाय बांगडी काढत नाही. पण जिच्यावर मुलीने रोज जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर, तेही आपल्याकडच्या खड्ड्यांतून, बसायचं त्या वस्तूला मापच नाही. जी खोक्यातून आली ती सीट.

सीट आणि बाई यांचा इतिहास मोठा मासलेवाईक आहे. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या बायका सायकली घेऊन रस्त्यावर आल्या तेव्हा डॉक्टरमंडळी बरीच अस्वस्थ झाली. दुखतंय का, हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता. त्यांना भीती होती की बाईला बरं वाटेल! रॉबर्ट डिकिन्सन या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९५ साली बायकांच्या सायकलीवर निबंध लिहिला. सायकल बायकांच्या तब्येतीला चांगली असं तो म्हणत होता, पण सीट विशिष्ट तऱ्हेने तिरकी करून बाई तिच्यातून सुख मिळवू शकेल, असा इशाराही त्याने दिला. मग बाजारात 'आरोग्यकारक' सीटा आल्या. कुणाच्या मध्ये फट, कुणाचं पुढचं टोकच काढून टाकलेलं. आज चांगल्या सीटला मध्ये जी फट असते ती दुखू नये म्हणून असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती फट विकताना बाईला सुख होऊ नये हीही काळजी वाहिली जात होती. फट तीच. आमच्या शरीराबद्दल दुसऱ्यांना पडलेली काळजी तेवढी वेगळी.

पुढे शंभर वर्षं गेली. १९९७ साली अर्विन गोल्डस्टीन या अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञाने सायकलीच्या सीटमुळे पुरुषांना नपुंसकत्व येऊ शकतं असं म्हटलं आणि सायकलीच्या जगात हलकल्लोळ झाला. कंपन्यांनी डॉक्टर बोलावले, नव्या सीटा काढल्या, जाहिराती केल्या. नंतर सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना टोक नसलेल्या सीटा देऊन सरकारी संशोधन झालं, २००८ साली ते प्रसिद्ध झालं. करावंच संशोधन, माझी तक्रार नाही. पण अमेरिकेतच जॉर्जेना टेरी ही इंजिनिअर बाई १९८० च्या दशकापासून बायकांच्या मापाच्या सायकली बनवत होती, नव्वदच्या दशकात तिने बायकांसाठी मध्ये पोकळी असलेल्या सीटा विकायला काढल्या. तेव्हा हलकल्लोळ झाला नाही. बायकांच्या त्या भागातली संवेदना सायकलीने कमी होते का, हे येल विद्यापीठातल्या मार्शा गेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं ते २००६ साली. सायकलपटू बायकांची त्यांनी धावपटू बायकांशी तुलना केली. सायकलवाल्यांची संवेदना कमी झालेली आढळली. लैंगिक जीवनावर मात्र वाईट परिणाम दिसला नाही, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या याच आधारावर मुलींची सायकल बंद करायला लोक टपलेले आहेत. २०१८ साली अनेक देशांतल्या बायकांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सायकल चालवणाऱ्यांमध्ये बधिरपणा, सीटने होणाऱ्या जखमा आणि लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग जास्त दिसला. आमच्या गटातल्या मुलींनी दाराला कडी लावून जे सांगितलं त्यापेक्षा यात वेगळं काय आहे?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "दुखतं ते पुरुषांनाही." अगदी खरं. पण पुरुष दुखलं की चारचौघांत पाय फाकवून सीटवरून उठतो, दुकानासमोर सायकल उभी करून "ही सीट बेकार आहे, दुसरी टाक" म्हणतो, आणि कट्ट्यावर तो विनोदाचा विषय होतो. त्याच्या दुखण्याला रस्ता आहे. मुलीला रस्त्यात उभं राहून कपडे सारखे करायचीही सोय नाही. दुसरं उत्तर, "सवय होईल." यात अर्धं सत्य आहे, ते नीट वेगळं करून मुलींना सांगितलं पाहिजे. नव्याने सायकल चालवताना ढुंगणाची ती दोन हाडं आठ-दहा दिवस दुखतात आणि मग थांबतात. ती सवय. पण मधल्या भागात आग होणं, सोलणं, सूज येणं, बधिर होणं याची सवय व्हायची नसते, ते चुकीच्या सीटचं लक्षण आहे. बायकांना कशाकशाची सवय व्हावी अशी अपेक्षा असते त्याची यादी आधीच लांब आहे, तीत आणखी भर नको.

आणि मग तो पडदा. सायकल चालवली की मुलीचा पडदा फाटतो, ही समजूत अजून जिवंत आहे, आया ती कुजबुजत सांगतात. योनीच्या तोंडाशी असलेली ती घडी प्रत्येकीची वेगळी असते, ती पाहून बाईच्या आयुष्याबद्दल काही म्हणजे काही सांगता येत नाही. दोन बोटांची चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावलं. पण गावातल्या मुलीपर्यंत न्यायालय पोचायच्या आधी ही समजूत पोचलेली असते. सीटने कातडी सोलून चड्डीवर रक्ताचा ठिपका दिसला की ती आईला दाखवत नाही. दाखवला तर आई सायकल बंद करते, आणि सायकल बंद म्हणजे शाळा बंद, शाळा बंद म्हणजे स्थळं बघायला मोकळे. आपल्यातल्याही काहीजणी मुलीची बाजू घेताना "सायकलीने फाटला असेल हो" म्हणतात. हेतू चांगला असतो. पण या बचावाने एक मुलगी सुटते आणि तपासायला बसलेला न्यायाधीश खुर्चीतच राहतो. त्याला खुर्चीवरून उठवायचं सोडून आपण सायकलीला साक्षीला का बोलावतो?

चळवळीतल्या मैत्रिणींशीही थोडं बोलायचं आहे. आरोग्याच्या शिबिरांतून बायकांनी आरसा घेऊन स्वतःचं शरीर पाहिलं, अंगावरून जाण्यापासून गर्भनिरोधकांपर्यंत सगळ्यावर आपण मोकळेपणाने बोललो. पण सायकल आपण फार लवकर प्रतीक करून टाकली. प्रतीकावर बसायचं नसतं, त्यामुळे ते टोचत नाही. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, शहरात चार घरची धुणीभांडी करायला सायकलने जाणाऱ्या बाया, यांच्या मोर्च्यांत आपण मानधन मागितलं, रजा मागितली, ते मागायलाच हवं. त्या मोर्च्याला ज्या सायकलने आल्या तिची सीट कुणी विचारली?

बाजाराने मात्र विचारलं, आणि त्याचं उत्तर आहे मऊपणा. दुखतं का? हे घ्या जेलचं कव्हर. गुलाबी, जाड, दाबलं की बोट आत जातं. दुकानात दाबून पाहताना फार छान वाटतं. पण त्यावर बसल्यावर हाडं आत रुततात आणि मधला मऊ भराव वर येऊन नेमका त्याच जागी दाबतो, जिथे काहीच दाबायला नको होतं. पाच मिनिटांच्या रपेटीला ठीक, रोजच्या रस्त्याला वाईट. बाईने तक्रार केली की तिला माप द्यायचं सोडून उशी द्यायची, ही रीत सायकलीपुरती नाही हे तुम्हाला सांगायला नको. आणि 'लेडीज सीट' असा शिक्का मारून सरसकट सगळ्यांना एकच रुंद सीट देणं हेही त्यातलंच. आम्ही एकाच वर्गातल्या, एकाच उंचीच्या दोन मुलींची मापं घेतली तर त्यांत बोटभर फरक निघाला. बायकांचं एक माप नसतं, म्हणून तर माप घ्यायचं.

ते घेणं अगदी सोपं आहे. फ्रीज किंवा टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्यायचा, ज्याच्या पोटात नागमोडी कागद असतो तो. दगडी पायरीवर किंवा लाकडी बाकावर ठेवायचा, पातळ कपड्यात त्यावर ताठ बसायचं, मग थोडं पुढे वाकून पाय क्षणभर उचलायचे आणि उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडलेले असतात. दिसले नाहीत तर खडू आडवा फिरवला की दिसतात. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजायचं. सीटचा मागचा भाग या मापापेक्षा निदान दोन सेंटिमीटर रुंद हवा, अगदी ताठ बसून चालवणार असलो तर आणखी थोडा. आमच्या मुलींनी हे केलं तेव्हा आधी दहा मिनिटं नुसत्या हसत होत्या. मग वहीत प्रत्येकीने आपलं माप लिहिलं. आपल्या त्या भागाबद्दल काही आकड्यात लिहून ठेवण्याची ती पहिलीच वेळ असावी.

रुंदीनंतर बसण्याची तऱ्हा. जुन्या पद्धतीची काळी सायकल, हँडल उंच, पाठ ताठ, अशी असेल तर मागे रुंद आणि खाली स्प्रिंग असलेली सीट बरी. हल्ली मात्र पुष्कळ घरांत रेंजर घेतात, सरळ दांड्याचं हँडल, जाड टायर, कारण उद्या ती भावाला चालवता येते. तिच्यावर पुढे वाकावं लागतं, भार हाडांवरून पुढच्या बाजूला सरकतो, आणि सीट अरुंद, लांब टोकाची. येलच्याच त्या संशोधकांच्या गटाने २०१२ साली दाखवलं की हँडल सीटपेक्षा खाली असलं की मधल्या भागावरचा दाब वाढतो आणि संवेदना कमी होते. म्हणून हँडल सीटच्या बरोबरीला किंवा वर आणायचं, आणि अशा सायकलीला मध्ये खाच असलेली सीट शोधायची. शक्यतो आखूड टोकाची.

सीट चांगली असूनही ती चुकीची बसवलेली असते, हेही फार दिसतं. युनिफॉर्मप्रमाणे सायकलही 'वाढत्या अंगाची' घेतात. चौथ्या इयत्तेएवढ्या उंचीच्या आठवीतल्या मुलीला २६ इंची. मग पायडलपर्यंत पोचायला ती दर फेरीला कंबर इकडून तिकडे डुलवते आणि प्रत्येक वेळी कातडी घासते. टाच पायडलवर ठेवली, पायडल अगदी खाली असलं, की गुडघा सरळ व्हावा आणि कंबर हलू नये. ही उंची बरोबर. सीट जमिनीला समांतर हवी, टोक वर उचललेलं नको, थोडंसं खाली चालेल. फार खाली केलं तर आपण पुढे घसरतो आणि हात भरून येतात. यातलं बहुतेक काम तेरा-चौदाच्या पान्याने पाच मिनिटांत होतं. कपड्यांचंही बघायला हवं. सलवारीच्या दोन पायांमधली जाड शिवण बरोबर सीटवर येते, तिथे शिंप्याकडून चौकोनी तुकडा लावून घेतला की शिवणी बाजूला जातात. नायलॉनची चड्डी नको, सुती हवी. पाळीत कापडाची घडी कडक वाळली असेल तर आधी चोळून मऊ करून घ्यावी.

हे सगळं मुलींना शिकवायचं आणि मोकळं व्हायचं, असा अर्थ कुणी काढू नये. योजनेचे पैसे आता पुष्कळ ठिकाणी मुलीच्या बँकखात्यावर येतात, सायकल घरच्यांनी दुकानातून घ्यायची असते. म्हणजे निवड करायला जागा झाली आहे. पण त्या दुकानात जातात वडील आणि भाऊ. मुलगी शाळेत असते, किंवा घरी, किंवा दुकानाबाहेर उभी. तिच्यासाठी घेतलेल्या सायकलीवर ती दुकानात एकदाही बसलेली नसते, कारण चार माणसांसमोर सीटवर बसून बघणं बरं दिसत नाही. तेव्हा मागण्या साध्या आहेत. पावतीबरोबर मुलीचं माप शाळेत नोंदवलेलं असावं. सायकल तिच्या हजेरीत घेतली जावी. महिनाभर चालवल्यावर सीट बदलून हवी असेल तर दुकानदाराने ती फरकाच्या पैशांत बदलून द्यावी, आणि कारण विचारू नये. प्रत्येक शाळेत एक पाना आणि एक हवेचा पंप असावा.

आम्ही हे आमच्या तालुक्यातल्या संबंधित अधिकाऱ्यांना लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, 'सीट' या शब्दापाशी थांबले, आणि हा विषय महिला अधिकाऱ्यांकडे न्या म्हणाले. महिला अधिकारी त्या वेळी दौऱ्यावर होत्या. कागद टेबलावर आहे.

पाना आम्ही वर्गणी काढून घेतला. तो शाळेच्या कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली पी.टी.च्या सरांकडे. ती किल्ली मुलींकडे असावी, असा अर्ज नववीच्या वर्गाने गेल्या सोमवारी मुख्याध्यापकांना दिला आहे. एकोणीस सह्या आहेत, त्यांतल्या तीन मुलग्यांच्या.